रनाळ्याच्या ओट्यावरचा नवा नियम

रनाळे,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६०

प्रिय हिलाल,

तुझा दोधू परवा नंदुरबारच्या बाजारात भेटला आणि तुझा निरोप देऊन गेला : 'मास्तर, बाबानी सांगेल शे, तुमना गावना नियम आते झेपतस नही. सोंगट्या बंद.' निवृत्त झाल्यापासून मी कोणाची उत्तरे तपासत नाही. परंतु हे उत्तर मला मुळीच पटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नियमांवरून आपण भांडलो नाही, असे नव्हे. रनाळ्यात फुलीच्या घरात बसलेली सोंगटी मारता येत नाही; तुमच्या ब्राह्मणपुरीत जोडीने चाल करून आल्यास तीही मरते. माझ्याच ओट्यावर तू प्रथम माझी सोंगटी तशी मारलीस, तेव्हा पट उधळायचाच काय तो बाकी राहिला होता. आतून आमची धनुबाई लहान पोरांना दटावावे तशी ओरडली, 'धाकला पोरेसना मायक भांडी ऱ्हायनात!' त्यावर तू हसत निवाडा दिलास : 'जेना ओटा, तेना कायदा.' तेव्हापासून पाहुण्याने पहिल्या दानापूर्वी नियम विचारावा, यजमानाने तो स्पष्ट सांगावा, आणि नंतर कुरकुर करू नये, ही आपली रीत ठरली. स्टेशनाजवळच्या चहाच्या हॉटेलात अनोळखी माणसांबरोबर बसतानाही तू आधी तिथला नियम विचारायचास, 'आठे फुलीवर मार शे का?' शेजारच्या पटावर लोक गळपट्ट्या धरीत. आपण निवांत चहा पीत असू.

गेल्या फाल्गुनात तू कापूस विकून इकडे आलास. भर दुपारची वेळ होती, ओट्यावर लख्ख ऊन होते. तू कवड्या टाकल्यास आणि माझी हिरवी सोंगटी उचलून आपली काळी म्हणून चालवलीस. धनुबाईला हसू आले. तू म्हणालास, 'आमना गावमा असंच खेळतस,' आणि चहा न घेताच गाडी जुंपलीस. हिलाल, तुझ्या ओट्यावर मी अर्धे आयुष्य खेळलो आहे. दुसऱ्याची सोंगटी चालवण्याचा नियम ब्राह्मणपुरीत नाही, आणि इतर कोणत्याही गावी असल्याचे मी ऐकलेले नाही. त्या दिवशी तू पायरी चाचपत उतरलास, ते मी नुसते पाहत राहिलो.

येथे सर्व कुशल आहे. तूर चांगली आली आहे. धनुबाई दोन महिने शिवणकामात गुंतली होती, आणि भिला सुताराला मी इतके छळले, की तो मला पाहताच रंधा खाली ठेवतो.

आता मूळ मुद्दा. माझ्या ओट्यावर यापुढे नवा नियम आहे. प्रत्येकाने आपले दान मोठ्याने बोलावे, कवड्या बोटांनी चाचपाव्यात आणि घरे हातानेच मोजावीत. त्यासाठी धनुबाईने पटाच्या घराघराला जाड दोऱ्याची कड घातली आहे. फुल्यांवर मणी शिवले आहेत. भिलाने काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर खाच पाडली आहे, हिरव्या गुळगुळीत ठेवल्या आहेत. मी डोळे मिटून सराव करतो. धनुबाईने मला तीनदा हरवले. नियम दोघांनाही सारखाच लागू आहे, आणि जेना ओटा, तेना कायदा, हा निवाडा तुझाच आहे. पौषात कापसाच्या गाडीबरोबर ये. नियम पटला नाही, तर निरोप पाठवू नकोस. येथे येऊन भांड.

तुझाच,
लोटन मास्तर