पवनचक्कीच्या वाटेवरचं फाटक

वाराडीन, ३ मार्च

प्रिय कॉलम,
स. न. वि. वि.

आई गेल्यानंतर तू येऊन गेलास आणि मी इतके दिवस गप्प बसले, त्याबद्दल माफ कर. रागावले होते. आईला पुरून आलो त्याच संध्याकाळी तू आपलं स्टेशन, घर आणि गुरांचं सगळं रान, विकायचं काढलंस. मी म्हटलं, गुरं गेली तरी घोडे आहेत, ट्रेकला माणसं येतात, माझं भागतं, मी सही करणार नाही. तू म्हणालास, शहरातल्या लोकांना घोड्यावर बसवून फिरवणं हा काय धंदा झाला, ताई? तुझी टेसा हसली. असो.

एक विचारायचं आहे. जाताना पवनचक्कीच्या वाटेवरचं फाटक तू लावलंस का? उन्हाळ्यात तळं आटलं की घोड्यांना पाणी पलीकडे पवनचक्कीच्या हौदाचंच, म्हणून ते उघडं असतं. तुझ्या गाडीची धूळ त्या बाजूला दिसली आणि रागाने मी आठवडाभर तिकडे फिरकले नाही. गेले तेव्हा सगळे घोडे फाटकाशी मरून पडले होते. तिथून हौद दिसतो. एकटी ब्रॅम्बल घोडी उभी होती.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. असं लिहिलं खरं, पण ते खरं आहे का, मला सांगता येत नाही.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी, मेरिन


ॲडलेड, १२ मार्च

प्रिय ताई,
सा. न.

वाचून फार वाईट वाटलं. हो, फाटक मीच लावलं. फाटक सापडलं तसं सोडायचं, ही बाबांची शिकवण मी विसरलेलो नाही. पण वाटलं, तुझ्या पाहुण्यांपैकी कुणीतरी उघडं टाकलंय. टेसाला म्हणालोही, ताईच्यानं आता फाटकंसुद्धा सांभाळवत नाहीत. खरेदीदारालाही तेच सांगितलं. भला माणूस आहे, सावकाश घर सोडा म्हणतो.

पण आठवडाभर तू बघायला गेली नाहीस, एवढं तरी मान. आता घोडेच नाहीत, तर राहून करणार काय? कागद सोबत आहेत. टेसाने फळांचा केक पाठवलाय. वाटेत दगड झाला असेल, चहात बुडवून खा.

रागावलीस तरी आपलं म्हण.
कॉलम


वाराडीन, २० मार्च

प्रिय कॉलम,

केक पोचला. कुत्र्याला आवडला.

मानते, मी जायला हवं होतं. रोज सकाळी उठून मानते. भांडण तुझं-माझं होतं.

कागदांवर सही केली आहे. एका घोडीवर ट्रेक चालत नाही, हे तुझं बरोबर. ब्रॅम्बल मात्र विक्रीत नाही, तसं त्या भल्या माणसाला कळव. फाटक आता सताड उघडं असतं, तरी ती पलीकडे जात नाही. तिथेच उभी राहून हौदाकडे बघते. मी बादली नेते तेव्हा पिते.

लोभाविषयी या खेपेला काही लिहीत नाही.
मेरिन

उद्या: फाटक बिजागऱ्यांसकट काढून आणणे.