तापानं गेली म्हणायचं

आई, तुझ्या नऊ वर्षांच्या पणतीच्या मेंदूचं काल ऑपरेशन झालं. मेंदूला रक्त कमी पडत होतं, म्हणून कानावरच्या कातडीखालची रक्तवाहिनी आत नेऊन मेंदूतल्या रक्तवाहिनीला जोडली. आता रक्त कमी पडलं तर अर्धांगाचा झटका, एकदम जास्त गेलं तर रक्तस्राव. म्हणून आज पुन्हा स्कॅन आहे. कुठे किती रक्त पोचतंय ते पाहून ब्लडप्रेशर किती ठेवायचं ते ठरवतील. मी बाहेर बाकावर बसून तुला हे लिहिते आहे. ऑपरेशनआधी गरम दूध फुंकताना तिचा डावा हात लुळा पडायचा. जोरात फुंकलं, रडलं, की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, असं डॉक्टर म्हणाले, आणि मला अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर दिसलं.

साठ-एकसष्टचं साल असेल. सरपणाच्या पऱ्हाट्या ओल्या आहेत, माझी धाकटी बहीण चुलीपुढे बसून फुंकते आहे. फुंकणी तिच्या हातातून गळते. "माय, हात उचलत नाही व," ती म्हणते. "कामाच्या टायमालेच कसा उचलत नाही? नखरे करून राहिली!" तू ओरडतेस, मी हसते. ती रडायला लागते आणि रडता रडता तिची जीभ जड होते. अमरावतीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली. तेरवी झाल्यावर तू मला मागच्या अंगणात नेलंस. "कोनी इचारलं तं तापानं गेली म्हनजो. डोक्याचं होतं म्हटलं तं तुले कोन करीन? तुयं लगन होयेपर्यंत तोंड उघडू नको."

घराण्यात कुणाला असं होतं का, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी चटकन नाही म्हणाले. आज सकाळी मात्र राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. मग धाकट्या नातवालाही तपासू, असं ते म्हणाले. लेक माझ्याकडे वळली. "आई, इतकी वर्षं कावून नाही सांगितलं?"

"माझ्या आईनं बजावलं होतं," मी म्हणाले. तिला ते पटलं. तुझा तिला रागही आला असेल. पण तू माझ्या लग्नापर्यंतच म्हटलं होतंस, आई. पुढची सगळी वर्षं मी माझ्याच मनानं गप्प राहिले. लेक चहा घेऊन येते आहे. हा कागद मी पदराखाली घेतला.