वायपरचे सोळा भाग

शनिवार, १२ जुलै. दुपारी १.२०
नदीकाठच्या या गावात थांबावं लागलं. धो धो पाऊस आणि वायपर बंद. मुलीला सोमवारी सकाळी दहाला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. अजून तीनशे दहा किलोमीटर. वेळ भरपूर आहे. बसने जाते म्हणत होती. मीच म्हटलं, बाप असताना बस कशाला?
लॉजसमोरच गॅरेज. मेकॅनिक म्हणाला, "काका, बघू का?" नको म्हटलं. कुठल्या कोर्सला गेलो नाही, पण मिक्सरपासून पंपापर्यंत सगळं स्वतः खोललंय. बायको म्हणाली, "खोललंय, हे खरं."

दुपारी ४.४५
वायपरची मोटर खोलली. सोळा भाग. प्रत्येकाला नंबर, शिवाय आकृती. लॉजच्या टेबलावर ओळीने मांडलेत. संध्याकाळपर्यंत निघू.

रविवार, १३ जुलै. सकाळी ७.३०
नंबर आठ बसत नाही. लॉजवाला म्हणतो, नदी चढतेय, दुपारी पूल बंद करतील. लोकांना घाबरवायची सवयच असते. नऊला निघणार. नक्की.

सकाळी ११.१०
मेकॅनिक आला. टेबलाकडे बराच वेळ बघत राहिला. मग, "काका, फ्यूज बघितला होता का?" मी मुळापासून सुरुवात करतो, असं सांगितलं. त्याने गाडीतला फ्यूज काढून दाखवला. जळलेला. मोटर चांगली होती, म्हणाला. होती.
मुलगी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

दुपारी १२.०५
पुलावरून जाणारी शेवटची बस साडेबाराला. मुलीने बॅग उचलली. पाठोपाठ बायकोनेही. मी म्हटलं, तासाभरात मागून गाठतोच. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवून घ्या."

दुपारी ३.००
पूल बंद. नवा फ्यूज टाकला. मोटर जोडली, मेकॅनिकने नुसता हात लावला. चालू! पंधराच भागांत. सोळावा बहुधा कंपनीने जास्तीचा टाकला असावा.

सोमवार, १४ जुलै. सकाळी १०.२०
बायकोचा फोन. मुलगी पावणेदहालाच ऑफिसात पोचली. बायको आठवडाभर तिथेच थांबतेय, खोली लावायला. मी म्हटलं, पूल दुपारी उघडतोय, येतो. खोलीतला पंखा, नळ, काही बघायचं असेल. बायको म्हणाली, "ती सांगून गेलीय, सगळं चालू आहे. तुम्ही घरी जा."
पाऊस थांबलाय. गाडीत बसून वायपर लावून पाहिला. कोरड्या काचेवर जरा आवाज करतो. पण चालतो.