पहिला घास

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईचा गुडघा आता दुखत नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. माझं झकास चाललंय. खोलीत आम्ही दोघंच, मी आणि दाढी. वर्गात सगळ्यांत आधी त्यालाच दाढी फुटली, तेव्हापासून हेच नाव. एक दिवस मी रांधतो, एक दिवस तो. भांडी दुसऱ्याने घासायची. भिंतीवर नियमही चिकटवलाय: रांधणाऱ्याच्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत, जो ठेवेल त्याच्या गळ्यात आठवडाभर शेगडी. त्यामुळे माझ्या डाळीबद्दल आजवर कुणी ब्रही काढलेला नाही. तू असतीस तर जन्मभर शेगडीपाशीच राहिली असतीस.

दाढी मात्र पोट बिघडून दोन दिवस आडवा होता. कॉलेजच्या फाटकापाशी एका काकूंची अंडी-पावाची गाडी असते, तिथलंच बाधलं म्हणतात.

जाता जाता एक. माझा एक मित्र विचारत होता, की आदल्या रात्रीचा भात झाकून ठेवला तर दुसऱ्या रात्री चालतो का. सावकाश कळव, घाई नाही.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझा बारक्या

९ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या त्या मित्राला मी चांगली ओळखते. काच फोडून, चेंडू कुणाचा म्हणून गल्लीभर विचारत हिंडायचा तोच ना? त्याला सांग, उकाड्यात झाकून ठेवलेला भात दिवसभरात आंबतो. हाताला चिकट लागतो, नाकाला तर आधीच कळतो. आणि तुझ्या मित्राचं नाक काही लहान नाही.

शिवणाची कामं खूप आली आहेत, मशीनवरून उठायला फुरसत नाही. आई रोज विचारते, पोरगं पोटभर जेवतंय ना.

पण तू आणि 'घाई नाही'? तू तर पत्र टाकायच्या आधीच उत्तर मागणारा! काय झालंय ते खरं लिही.

वाट बघते. लोभ कमी व्हायचा नाही, भिऊ नकोस.

तुझी ताई

१३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

नाकाला कळलं होतं, ताई. तेच लिहायला हात धजत नव्हता.

रविवारचा भात पातेल्यात झाकून राहिला. सोमवारी माझी पाळी. झाकण काढलं तर वास आला. फेकायचा तर तांदूळ बेताचाच उरलेला. मग भरपूर लसूण आणि मिरची परतून त्यात भात घातला आणि वास गेला अशी मनाची समजूत घातली. दाढीला म्हटलं, मला भूक नाही, मित्राकडे जेवून आलोय. खोटं! जिन्यात उभं राहून मी कोरडा पाव खाल्ला होता. त्याने मात्र ताट चाटूनपुसून संपवलं.

त्याला उलट्या होत होत्या, मी पाणी देत होतो, आणि तो माझे आभार मानत होता. डॉक्टरांनी बाहेरचं काय खाल्लं विचारलं, तेव्हा त्याने दुपारच्या अंडी-पावाचं नाव घेतलं. मी शेजारीच उभा होतो.

तेवढ्यावरून कॉलेजने काकूंची गाडी फाटकावरून उठवली. त्या रडल्या नाहीत, फक्त एकेक पातेलं उलटं करून दाखवत राहिल्या. घोळक्यात मी मागे होतो. तोंडाला कुलूप! आता त्या पुलापलीकडे उभ्या असतात, तिकडे चिटपाखरू फिरकत नाही.

मला माझीच लाज वाटते. काय करू? आईला दाखवू नकोस.

रागाव, पण टाकू नकोस.

बारक्या

१७ ऑगस्ट

चि. बारक्यास,
आशीर्वाद आहेत. आज मोजकेच.

भात आंबला, हे एक वेळ सोडून देईन. पण त्याला वाढलास आणि स्वतः खाल्ला नाहीस, हे मला गिळवत नाही. काय करू म्हणून मला कसलं विचारतोस? गाडी माझी उठली आहे का? आधी दाढीला सांग, मग कॉलेजात, मग काकूंना. एकाच दिवसात. त्याआधी मला पत्र लिहू नकोस.

आईने पत्र मागितलं, तर आलंच नाही म्हणून मी थाप मारली. तुझ्यापायी मीही खोटारडी झाले.

लोभाचं नंतर बघू.

ताई

२६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

सांगितलं. दाढीसमोर माझी बोबडी वळली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की त्याला पहिल्याच घासाला कळलं होतं. पण भिंतीवर नियम होता, आणि मी शेगडीपाशी एवढा घाम गाळलेला, मग नावं कशी ठेवायची? मला बोल लागू नये म्हणून डॉक्टरांना त्याने गाडीचं नाव सांगितलं. त्यावरून गाडी उठेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. मग त्याने उठून नियमाचा कागद फाडला.

दोघं मिळून कार्यालयात गेलो. तिथे आमची चांगलीच खरडपट्टी निघाली, पण गाडी परत लावायला परवानगी मिळाली. काकूंनी मात्र माफ केलं असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, गेलेलं गिऱ्हाईक माफीने परत येत नाही. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि गाडीवरची पहिली प्लेट सगळ्यांदेखत तू खायची. पोरं हसतात. मी खातो. गिऱ्हाईक अजून निम्मंच आहे.

काल रांधायची पाळी माझी होती. ताजा भात, बटाट्याची भाजी. ताटं वाढली तरी दाढी हात मांडीवर ठेवून नुसता बसून होता. मी पहिला घास घेतला, चावला, गिळला. मग त्याने ताट पुढे ओढलं.

हे पत्र आईला दाखव. लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा बारक्या