तुषारयंत्राचे आकडे

सर, तुम्ही ज्या वयात गेलात त्याच्या पुढे मी आता आले आहे. इतकी वर्षं तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. एकदा कागदावर भांडावं म्हणून बसले आहे.

अठ्ठ्याहत्तर साली नाशिकच्या आपल्या कॉलेजात मी फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, तात्पुरती. वडील इगतपुरीला रेल्वेत खलाशी होते आणि आमच्या बौद्ध वस्तीतली बी.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी. तुम्ही विभागप्रमुख. पहिल्याच आठवड्यात मला मागच्या खोलीत नेऊन तुम्ही तुमचं यंत्र दाखवलंत. द्राक्षबागेत औषध मारायच्या पंपाचं पितळी नोझल, त्याच्या तोंडाशी विद्युतदाब दिलेलं तांब्याचं कडं, मागे पंखा आणि समोर चार ॲक्रिलिकच्या दांड्यांवर उभी तारेची जाळी. "कड्यातून जाताना प्रत्येक थेंब जरासा विद्युतभार उचलतो," तुम्ही म्हणालात. "वारा तो जाळीवर नेऊन टाकतो. टाकत राहिला की जाळीवरचा दाब चढत जातो, हजारो व्होल्टनी. ढगात दुसरं काय होतं, बाई?" मला 'बाई' म्हणणारे त्या कॉलेजात तुम्ही पहिले. मग खोलीची किल्ली माझ्या हातात दिलीत. त्या दिवशी मी तुमच्यासाठी काहीही केलं असतं.

सहा वर्षं तुम्ही त्या यंत्रामागे होतात आणि जाळीवरचा दाब मोजायच्या दोन पितळी गोळ्यांमधली ठिणगी दोन मिलिमीटरच्या पुढे उडत नव्हती. तुम्ही नोझल बदलत होतात, कडं बदलत होतात. दोष कुठे आहे हे मला आमच्या स्वयंपाकघरामुळे कळलं. इगतपुरीच्या पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, म्हणून आई दोन्ही चुलीवरच्या फळीवर ठेवायची. जाळीवर जमलेला भार दांड्यांवरच्या ओलीतून निसटत असणार, नजरेला न दिसणाऱ्या ओलीतून. मार्चमध्ये मी ते दांडे स्पिरिटने पुसले, मेणात बुडवले, रोज प्रयोगाआधी तासभर मोठ्या दिव्याखाली शेकले. आणि एका दुपारी एक सेंटिमीटरच्या फटीतून निळी ठिणगी तडकली. माझ्या हातावरचे केस ताठ उभे राहिले होते. मी एकटीच हसत होते, मोठ्याने.

तुम्ही तेव्हा परीक्षांच्या कामात बुडालेले. "सर, एकदा बघायला या ना," मी दोनदा म्हटलं. "वही दाखव, पुरे," तुम्ही म्हणालात. दांडे शेकायचे असतात, हे मी वहीत लिहिलं नव्हतं. तुम्ही आलात की स्वतः सांगायचं होतं मला. तुमच्या तोंडून शाबासकी ऐकायची होती.

एप्रिलमध्ये पुण्याहून तिघे प्राध्यापक यंत्र बघायला यायचे होते. त्या सकाळी मी साडेआठला पोचले, तर पाहुण्यांसाठी सगळं लखलखीत दिसावं म्हणून शिपाईमामा साबणाच्या ओल्या फडक्याने ते दांडे पुसत होते. टेबलावर टाइप केलेल्या शोधनिबंधाच्या प्रती होत्या. आत माझे सगळे आकडे होते. वर नाव एकच, तुमचं. मी प्रत हातात धरून उभी होते आणि तुम्ही घाईने आलात. "तू आत थांबू नकोस. पाहुण्यांच्या चहाचं बघ."

दांडे ओले आहेत, एवढंच बोलायचं होतं. मी चहाचं बघायला गेले.

दारातून मला सगळं दिसतं आहे. पंखा घोंघावतो आहे, तुषार उडताहेत, जाळीतून पाणी ठिबकतं आहे. तुम्ही गोळे जवळ आणता, आणखी जवळ आणता. ठिणगी नाही. पाहुण्यांपैकी एक जण चष्मा पुसतो. तुम्ही मला हाक मारता, वही पुढे करता. "हे आकडे कुठून आणलेस?"

मी चहाचा ट्रे धरून त्या ओल्या दांड्यांकडे बघते.

"घरी बसून लिहिलेस ना? तुमच्यात हे असंच. विश्वास टाकला की संपलं."

तुमच्यात. सहा वर्षांत दोन मिलिमीटरवर अडकलेल्या माणसाने चारचौघांत हे म्हणावं! मी ट्रे खाली ठेवला आणि निघाले. जूनमध्ये मला पुन्हा घेतलं नाही. आकडे बनवणारी म्हणून माझं नाव इतर कॉलेजांतही पोचलं होतं. मी बी.एड. केलं, चांदवडच्या शाळेत लागले आणि मुलांना लोहचुंबक शिकवत राहिले.

शहाऐंशीत तुम्ही तिथे आलात. रिटायर झालेले, पाय सुजलेले, एसटीने उभ्याने आलेले. शिक्षकांच्या खोलीत बसून पाणी प्यायलात आणि म्हणालात, "बाई, मी रागावायला नाही आलो. मला फक्त खरं सांगा. ती ठिणगी उडाली होती का?"

माफी तुम्ही मागितली नाहीत. मी तेवढ्यासाठी थांबले होते, सर. बराच वेळ थांबले.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"हो," तुम्ही म्हणालात, "खूप वर्षं झाली." मग दाराची चौकट धरून सावकाश उठलात. पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचं कानावर आलं.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि तुम्ही असतात तरी मी ते पेटीत टाकलं नसतं. तुम्हाला एसटीत बसवून घरी आले, त्या संध्याकाळची गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. मला खूप दिवसांनी कडकडून भूक लागली होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि जेवण गोड लागलं.