बंद दाराला कान नसतात

प्रिय हरकत,

तुला या नावाने हाक मारायचा अधिकार मला अजून उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण पहिल्याच दिवशी तू माझ्या फायलींच्या रचनेवर, खिडकीच्या पडद्यावर आणि माझ्या अक्षरावर अशा तीन हरकती घेतल्यास, तेव्हापासून तू हरकतच. मी कोट खुंटीला टांगला तेव्हाही तुझी हरकत होतीच. येत्या सोमवारी शिस्त समितीपुढे तुझी सुनावणी आहे आणि तुझी वकिलीची सनद राहते की जाते ते त्या दिवशी ठरणार आहे, हे मला आपल्या कारकुनाकडून कळलं. तुझ्याकडून नाही. त्यावर मी येतोच, पण आधी मला जरा चिडून घेऊ दे. चिडल्याशिवाय मी मुद्द्यावर येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे!

तर समाजमाध्यमावरचं माझं खातं त्यांनी बंद केलंय. तीस दिवसांसाठी. निवृत्तीनंतर मला दुसरं व्यसन नव्हतं. सकाळी चहा, मग फोन, मग एक वाक्य. ‘फोन म्हणतो, तुमच्या गोपनीयतेची आम्हांला फार काळजी आहे. चोरही आधी कुलपाचीच चौकशी करतो.’ किंवा ते दुसरं, ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे शेजाऱ्याच्या कुत्र्याला भुंकू देणं, आपल्या कुत्र्याला तर सगळेच भुंकू देतात.’ चाळीस वर्षांत पक्षकारांनी दिली नाही एवढी दाद अनोळखी माणसं द्यायची. आमच्या घरच्या न्यायमूर्ती विचारायच्या, की एवढं आयुष्य बोलण्यात घालवून अजून पोट भरलं नाही का? नाही भरलं. कोर्टात निदान समोर ‘मुद्द्यावर या’ म्हणणारं कुणीतरी असतं. इथे कुणीच नव्हतं, आणि ते मला फारच मानवलं. मी वाक्य टाकलं की पहिला अंगठा तुझा उमटायचा. तो उमटेपर्यंत मी चहाला हात लावत नसे, हे तुला आज सांगतो.

आता गंमत ऐक. दोन वर्षांत मी मंत्र्यांपासून यंत्रांपर्यंत सगळ्यांची टोपी उडवली, कुणी हूं की चूं केलं नाही. खातं बंद झालं ते आयुष्यात पहिल्यांदा एक सरळ, खरं वाक्य लिहिलं म्हणून. शेरा आला की, मी खोटी माहिती पसरवतोय. मी अपील केलं. दोन सेकंदांत उत्तर आलं, ‘आम्ही तुमच्या म्हणण्याचा काळजीपूर्वक विचार केला आहे.’ दोन सेकंदांत! चाळीस वर्षं मी तारखांवर तारखा घेतल्या, जलद न्याय कशाला म्हणतात ते या वयात कळलं. मग नंबर शोधून फोन लावला. तिथल्या बाईचा आवाज गोड होता, पण बाई नव्हतीच. एक दाबा, दोन दाबा. मी इतका चिडलो की फोनवरच तिची उलटतपासणी घेतली. ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगा,’ एवढंच ती म्हणत राहिली. अशी साक्षीदार मला एकदा तरी मिळायला हवी होती.

चार महिन्यांपूर्वीची ती बातमी तुला मी काय सांगणार. वरच्या कोर्टात एका वकीलबाईंनी जो निकाल दाखवला, तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्या पानावर म्हणे विहिरीच्या वाटणीचा दावा निघाला. बातमीत नाव नव्हतं. कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारून कोर्टात बोलणाऱ्यांच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या, त्यामुळे हेही यंत्राचंच काम असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मी तर सर्वांच्या आधी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ‘यंत्राने निकाल जन्माला घातला, वकीलबाईंनी कडेवर घेऊन कोर्टात आणला. आता बाप कोण, ते न्यायमूर्ती विचारताहेत.’ तासाभरात ते वाक्य गावभर झालं. बाररूममध्ये कुणीतरी ते छापून भिंतीला लावलं, असंही कळलं. मी खूश होतो. त्या दिवशीही पहिला अंगठा तुझाच होता.

आठवड्याने कारकून घरी आला, चहा न घेता उभाच राहिला आणि म्हणाला, ती बाई म्हणजे आपली हरकत आहे, साहेब. मला धक्का बसला, आणि खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी मला तुझा राग आला. मी घडवलेली पोरगी यंत्राच्या नादी लागली? कारकुनाने हात जोडून सांगितलं, ते वाक्य तेवढं काढून टाका. मी काढलं नाही. वकील एकदा बोललेला शब्द मागे घेत नाही, विनोद कुणाचं तोंड बघून करायचा नसतो, असं बरंच काही मी त्याला ऐकवलं. तो गेल्यावर घरच्या न्यायमूर्तींनी एकच विचारलं, तिला एकदा विचारलंत का? मी म्हटलं, तिने कोर्टातही खुलासा केलेला नाही, मला काय सांगणार! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तू एक हरकत घेतली असतीस तर! आयुष्यभर खिडकीच्या पडद्यावरून भांडलीस आणि इथे गप्प बसलीस. मला वाटलं, अपराधी आहे म्हणून गप्प आहे. ‘मौन हा कबुलीजबाब नव्हे’ हे तुला शिकवणारा मीच होतो, ते मात्र सोयीस्कर विसरलो.

गेल्या आठवड्यात मी त्या आदेशाची प्रत मागवली. हेतू चांगला नव्हता. आणखी एखादं वाक्य सुचेल म्हणून मागवली. खिडकीजवळ बसून चष्मा पुसून वाचत गेलो. अकराव्या परिच्छेदात, तू दाखवलेल्या त्या निकालातला उतारा होता. वखारवाला विरुद्ध नगरपालिका. ‘बंद दाराला कान नसतात, त्यावर चिकटवलेली नोटीस आतल्या माणसाला ऐकू गेली, असे मानता येणार नाही.’ मी चष्मा पुन्हा पुसला आणि तेच पुन्हा वाचलं. हरकत, हे कुठल्याही न्यायमूर्तींचं वाक्य नाही. हे माझं आहे.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी खालच्या कोर्टात मी ते सहज बोलून गेलो. न्यायाधीश हसले आणि विचारलं, सुंदर आहे, कुठल्या निकालातलं? माझं आहे म्हटलं असतं तर त्याची किंमत शून्य झाली असती. मी ठोकून दिलं, वरच्या कोर्टाचं. वर्ष सांगितलं, पान सांगितलं, वखारवाला तिथल्या तिथे उभा केला. पुस्तक कुणी मागितलं नाही. पुढे तीस वर्षं मी तो वखारवाला प्रत्येक बंद दारासाठी वापरला. पहिल्यांदा थाप होती. विसाव्यांदा मला स्वतःलाच तो निकाल वाचल्यासारखा वाटायला लागला. मग तो माझ्या काळ्या वहीत गेला, आणि वही निवृत्तीच्या दिवशी तुझ्या हातात गेली. ‘हे माझं डोकं, जपून वापर,’ असं मीच म्हणालो होतो. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, एवढाच तुझा गुन्हा. त्याला यंत्र कशाला लागतं? थापा मारायला माणूस पुरेसा असतो.

न्यायमूर्तींनी तुला तीनदा विचारलं, हा दाखला कुठून आणलात. तीनदा तू म्हणालीस, चूक माझी आहे. आदेशात तसं लिहिलंय. वही पिशवीत असेल तेव्हा, नाही का? एकदा बाहेर काढली असतीस तर सुटली असतीस. म्हाताऱ्याचं नाव राखायला तू स्वतःच्या सनदेवर पाणी सोडायला निघालीस, आणि तो म्हातारा घरी बसून तुझ्यावर विनोद करत होता. मला याची लाज वाटते. आणि तुझा रागही येतो, तो लपवत नाही. मला न विचारता माझी अब्रू वाचवायचा अधिकार तुला कुणी दिला?

तर जे वाक्य खोटं ठरवून काढून टाकण्यात आलं, ते एवढंच होतं: ‘त्या निकालाचा बाप मी आहे.’ त्यांचं यंत्र म्हणतं, बातम्यांशी हे जुळत नाही. माझा विनोद मात्र जागच्या जागी आहे, रोज नवी माणसं हसताहेत, आणि खातं बंद असल्यामुळे मला तो आता पुसताही येत नाही. तुला सात फोन केले. तीनदा तुझ्या दारात येऊन उभा राहिलो. आत दिवा होता, दार उघडलं नाहीस. खिशात चिठ्ठी होती, पण दारावर चिकटवायचं धाडस झालं नाही. त्या विषयावरचा कायदा मीच तयार केलाय. म्हणून हे पत्र कारकुनाच्या हाती पाठवतो. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे, सही-शिक्क्यासकट, सगळं कबूल केलेलं. पण वहीशिवाय समिती म्हणेल, म्हातारा शिष्येला वाचवायला थापा मारतोय. तेवढी माझी ख्याती आहे. सोमवारी साडेदहाला मी तिथे असेन. तू वही घेऊन ये. माझ्या नावाचं काय होईल यावर तुझी हरकत असणार, ती मी आत्ताच फेटाळतो. पत्र मिळाल्याची सही कारकुनाकडे दे. ती घेतल्याशिवाय दारातून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय.

तुझाच,
सर