पूजेतली गाडी

२ सप्टेंबर ५४, गुरुवार

लोहगावच्या विमानतळावर तीन तास उभा. मुंबईचं विमान आलंच नाही. ढग होते म्हणे. फाटकावरचा शिपाई गाडी आत घेऊ देत नाही, बाहेर निंबाखाली लावायची आणि आकाशाकडे बघत बसायचं. रिकामा परत आलो.

कारखान्याचे हेडक्लार्क फडके माझ्यावरच घसरले. "सोपानराव, पाहुणे कुठायत?" अहो, विमानच नाही आलं तर मी काय खांद्यावर बसवून आणू? हे मनात. तोंडानं म्हणालो, उद्या परत जातो.

मग म्हणाले, दसऱ्यापर्यंत तुमचं काम बघू. चांगलं वाटलं तर दिवाळीपासून विमानतळाची सगळी ने-आण तुमच्याच गाडीला. नाहीतर पुण्याच्या टॅक्सीवाल्यांना देऊन टाकू.

म्हणजे दसऱ्यापर्यंत टांगणीला. घरी गणपती, आरती चुकली.

५ सप्टेंबर, रविवार

दादा बोलत नाही त्याला आता चौदा महिने झाले. एकाच घरात, एकाच पंगतीला. मला काही सांगायचं असलं की वहिनीकडे बघून बोलतो. मी पुढ्यात बसलेला असतो. आज, "त्याला सांग, पन्हाळ गळतीय." मीही वहिनीलाच म्हणालो, "सांगा, बघतो." ती बिचारी भाकरी थापत दोघांची टपालवाली झालीये.

मळा कारखान्याला गेला. कागदावर दादानं अंगठा दिला तो माझ्या तोंडाकडे बघून. शिकलेला भाऊ म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार. मला वाटलं होतं, आज ना उद्या जाणारच आहे, गाडी घेऊ, साहेबलोकांची ने-आण करू, दोन्ही घरं सुखात राहतील. जुनी काळी गाडी घेतली. दादा आजवर तिच्यात बसला नाही. तिला हातसुद्धा लावला नाही. आता बैल विकले, नांगर गोठ्यात उभा आहे, आणि दादा दिवसभर ओट्यावर.

म्हणून हे काम मिळालंच पाहिजे. नाहीतर मी मळा विकून पत्रा घेतला, एवढंच खरं उरेल.

१२ सप्टेंबर, रविवार

सांताक्रूझ, मुंबईचा विमानतळ. पहाटे निघालो. घाटात शिंग्रोबाला पैसा टाकला. पनवेलच्या नाक्यावर दारूबंदीवाल्यांनी सगळी गाडी उपसली. माझ्या डब्यातली चटणीसुद्धा हुंगून बघितली. मग मुंब्रा, ठाणे.

कारखान्याच्या नवीन साहेबाला ओळखायचं कसं? फडक्यांनी माझ्या लेकीच्या, शकूच्या शाळेच्या पाटीवर खडूनं इंग्रजीत नाव लिहून दिलेलं. ती छातीशी धरून उभा राहिलो. अर्ध्या तासानं बघतो तर घामानं अर्धं नाव माझ्या सदऱ्यावर. लोक हसत होते. शेवटी एक उंच, लालबुंद माणूस पाटीवर उरलेल्या दोन अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, मीच. जर्मन आहे. माणूस बरा वाटला, पुढे माझ्याशेजारीच बसला.

घरी आलो तर शकू रडतेय, पाटीवर बाईंनी घातलेली गणितं होती.

२० सप्टेंबर, सोमवार

आज बापाची तिथी होती.

सकाळी फडक्यांचा (आता नुसता फ. लिहितो) निरोप, लोहगावला लगेच जा. म्हटलं बारापर्यंत येईन. विमान दीडला उतरलं. घरी पोचलो तेव्हा अडीच. पानं वाढून झाकून ठेवलेली. जेवायला बोलावलेले ब्राह्मण जाऊन तास झाला होता. कोणी जेवलं नव्हतं, दादाही नाही.

दादा वहिनीला म्हणाला, "त्याला सांग, बाप थांबला न्हाई."

पान तसंच झाकून ठेवलं. हिनं विचारलं, काय झालं? म्हणालो, विमान उशिरा आलं.

२ ऑक्टोबर, शनिवार

फ.नं बोलावलं. जर्मन साहेब कायमचा परत चाललाय. मंगळवारी दुपारी बाराला निघायचं, रात्री आठचं विमान, सांताक्रूझ. "हीच तुमची परीक्षा समजा." मी ताबडतोब हो म्हणालो. हो म्हणायला माझी जीभ नेहमीच पुढे.

रस्त्यात आठवलं. मंगळवारी खंडेनवमी!

त्या दिवशी लोखंड हलत नाही. कोयता, कुऱ्हाड, पहार, सगळं धुऊन पूजेला मांडायचं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मी विसरलो. विमानांची वेळापत्रकं पाठ करता करता घरचं पंचांग विसरलो.

बघू. दादा गाडीला आऊत, शेतीचं अवजार मानतच नाही. पाना आणि जॅक पूजेत ठेवीन, गाडी बाहेर काढीन. कोणाला काय पडलंय.

५ ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी

हे पनवेलला गाडीत बसून लिहितोय. उजाडू लागलंय, म्हणजे खरं तर सहा तारीख.

काल सकाळी सायकलवर पेट्रोलचा डबा आणायला गेलो होतो. परत आलो तर दादानं गाडी धुतलेली. विहिरीचं पाणी ओढून, चाकांच्या खाचांतला चिखलसुद्धा काडीनं काढलेला. बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं. पुढच्या दिव्यांना झेंडूचा हार. पुढच्या चाकाशी नांगराचा फाळ आणि कोयता टेकवून ठेवलेला, मधे कोहळा. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभी.

दादा उकिडवा बसला होता. उठला आणि माझ्याकडे बघून बोलला. वहिनीकडे नाही, माझ्याकडे.

"सोप्या, नांगराला तर आता काम न्हाई. आपलं आऊत आता ह्येच. उंद्यापतुर हलवू नगंस. शिलंगणाला आपुन दोघं जाऊ हिच्यातनं."

पंधरा महिन्यांनी. मी मान हलवली. सायकल तशीच वळवली आणि पेट्रोलचा डबा घेऊनच कारखान्यात गेलो.

फ.ला हात जोडले. साहेब, आजचा दिवस दुसरी गाडी बघा. ते म्हणाले, "बघतो ना. पुण्याला फोन करतो. पण मग पुढचं सगळं पुण्यालाच, हे लक्षात ठेवा." तळेगावच्या मोटारवाल्या शेठला फोन लावायला लावला. त्याचीही गाडी पूजेत. डॉक्टरांची पूजेत. सगळ्यांच्या गाड्या दारात हार घालून बसलेल्या, आणि माझीच तेवढी कामाला लागणार.

साडेअकराला घरी आलो. कपडे बदलले. फाळ उचलून भिंतीला लावला. कोयता लावला. कोहळा ओट्यावर ठेवला, दादाच्या पायाशी. तो तिथेच बसला होता. म्हणालो, "दादा, साहेबाचं विमान आहे. नाही गेलो तर काम जातंय. उद्या दुपारच्या आत येतो, शिलंगणाला जाऊच."

त्यानं कोहळा हातानं बाजूला सारला.

हँडल मारलं. चालू होईना. परत मारलं, होईना. आंघोळ घालताना पाणी आत गेलं असणार. दादाच्या समोर पाच वेळा हँडल मारलं. एकदा जरी "ऱ्हाऊ दे" म्हणाला असता तरी राहू दिलं असतं. असं आता लिहितोय. सहाव्यांदा चालू झाली.

साहेबाला हार फार आवडला. मी काढायला गेलो तर नको नको म्हणाला. घाटात शिंग्रोबापाशी गाडी थांबवून हाराचा फोटो काढला, बॉनेटवरच्या पाच बोटांचाही काढला. मला विचारलं, हे कोणी केलं? भाऊ, म्हणालो. माय ब्रदर. तेवढं इंग्रजी येतं. "गुड ब्रदर," तो म्हणाला.

सांताक्रूझला उतरताना हारातलं एक फूल तोडून कोटाला लावलं, माझा हात दाबला आणि गेला. दादाचं फूल विमानात बसलं, दादा गाडीतही बसला नाही. ठाण्याला दोन केळी खाल्ली, जेवायची इच्छा नव्हती.

६ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

दहाला घरी. फाळ, कोयता गोठ्यात गेलेले. कोहळा ओट्यावरच, न कापलेला.

मी अंघोळ करून, धोतर नेसून, गाडी दारात लावून बसलो. चार वाजता सगळा गाव शिलंगणाला निघाला. दादा पटका बांधून बाहेर आला. गाडीचं दार मी उघडं धरलं होतं. तो गाडीला वळसा घालून लोकांबरोबर चालत गेला.

मी दार किती वेळ धरलं कोण जाणे. नंतर शकू येऊन आत बसली. तिला देवळापर्यंत नेऊन आणलं.

संध्याकाळी सोनं वाटलं. दादाच्या पाया पडलो. पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही नाही. माझं सोनं वहिनीच्या हातानं आलं. ती हळूच म्हणाली, "भावजी, नवमीला पहाट तीन वाजता उठून बसले हुते हो, तुमी भायेर पडला की गाडी धुवाया."

हे तिनं सांगायला नको होतं.

९ ऑक्टोबर, शनिवार

फ.नं खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच समजलो.

कारखाना स्वतःची नवीन गाडी घेतोय. दिवाळीला येणार. विमानतळाची ने-आण आता तीच करणार. पुण्याचे नाहीत, मीही नाही.

"हे ठरलं कधी?"

"गणपतीच्या आधी. वरून कागद आला होता."

म्हणजे गणपतीच्या आधी ठरलेलं, आणि मला दसऱ्यापर्यंत पळवलं. बापाच्या तिथीला पळवलं, नवमीला पळवलं! म्हटलं, फडकेसाहेब, मग मंगळवारी पुण्याचा धाक कशाला दाखवलात? ते चष्मा पुसत म्हणाले, "अहो, ऐन वेळेला मी गाडी कुठून आणणार होतो? सणाचा दिवस होता."

त्यांना ठाऊक होतं सणाचा दिवस आहे. मीच एक विसरलो होतो.

वर उपकार. साहेबानं जाताना माझं कौतुक केलं, म्हणून नव्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून माझं नाव सुचवलंय. खाकी कपडे, टोपी. पुढच्या सोमवारपर्यंत सांगा. मी उठलो तेव्हा टेबलावरचा दौत-टाक त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. नमस्कार करून आलो.

१३ ऑक्टोबर, बुधवार

गाडी दारात उभी. हार वाळलाय, काढला नाही. गिऱ्हाईक नाही. पंक्चर नसताना चाक खोलून परत बसवलं, हात रिकामे नको म्हणून. दादा ओट्यावर, मी गाडीपाशी. दोघंही बिनकामाचे, सारखेच झालो. ही म्हणते, घ्या ना ती नोकरी, त्यात काय वाईट? वाईट काहीच नाही. आपल्याच मळ्यावर बांधलेल्या फाटकातून टोपी घालून आत जायचं, एवढंच.

आज बॉनेट पुसायला चिंधी घेतली आणि तशीच खाली ठेवली. पाच बोटं अजून आहेत.

१६ ऑक्टोबर, शनिवार

परवा उत्तर द्यायचं.

जेवताना हिनंच विषय काढला. सगळं सांगून टाकलं, ड्रायव्हरकी, खाकी कपडे, सोमवार. मी मान खाली घालून जेवत होतो. दादा ऐकत होता. भाकरी संपवली, पाणी प्यायला, ताटात हात धुतला. वाटलं, आता उठणार. उठला नाही.

वहिनीकडे बघून म्हणाला, "त्याला इचार, आपली म्या केली, नवमीला कारखान्याच्या त्या गाडीची पूजा कोन करनार?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तिनं विचारलंच नाही. मी ऐकलं होतं.